सायकलचा रस्ता निविदेच्या आधी मागा

रस्त्यावर खडीचे ढीग पडले, रोलर येऊन उभा राहिला, की मग लोकांना आठवतं: अरे, इथे सायकलसाठी जागा हवी होती! मग निवेदनं येतात, सह्यांची मोहीम निघते, एखादा उत्साही तरुण रोलरपुढे उभा राहून फोटोही काढून घेतो. मी सगळी नोकरी टेबलाच्या त्या बाजूला, रस्ते विभागात नकाशे काढण्यात घालवली. खात्रीने सांगते, त्या घडीला साहेबांच्या मनात असलं तरी हातात फारसं काही उरलेलं नसतं. अंदाजपत्रक मंजूर, मापं ठरलेली, ठेकेदाराशी करार झालेला. कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेच्या दगडांची, रांग अर्धा मीटर सरकवायची म्हटली तरी नवी मंजुरी लागते. पुढे लेखापरीक्षणात ‘हा वाढीव खर्च कशापायी?’ असा शेरा आला, तर उत्तर द्यावं लागतं ते सही करणाऱ्याला. मग ‘पुढच्या वेळी बघू’ हे सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

पुढची वेळ म्हणजे पुढचं डांबरीकरण. त्याला किती वर्षं लागतील ते रस्त्याच्या नशिबावर. म्हणून निवृत्तीनंतर मागणाऱ्यांच्या बाजूला येऊन बसल्यापासून मी भेटेल त्याला एकच सांगते: घोषणा नंतर ठरवा, आधी फाइल कुठे आहे ते शोधा.

फाइल शोधा

कुठल्याही शहरात रस्त्याचं काम साधारण एकाच क्रमाने पुढे सरकतं. वर्षाची यादी, सर्वेक्षण, नकाशा, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, काम. तुमची जागा सर्वेक्षण आणि नकाशा यांच्या मधोमध आहे. तेव्हा नकाशावरची रेघ पुसायला काही खर्च येत नाही. अंदाजपत्रक झालं की प्रत्येक रेघेला किंमत चिकटते.

पुढच्या वर्षी कुठले रस्ते नव्याने होणार, याची यादी मागा. तोंडी नको, अर्ज देऊन मागा आणि पोच घ्या. माहितीच्या अधिकाराचा कायदा असेल तर तो वापरा, पण आधी साधेपणाने विचारून बघा. पुष्कळदा यादी मिळून जाते, कारण ती मागायला कुणी आलेलंच नसतं. पाणी, सांडपाणी आणि केबल या विभागांकडेही चौकशी करा. जिथे पाइपलाइन बदलणार, तिथला रस्ता खणला जाणार आणि नंतर परत करावाच लागणार. तो जुन्या मापाने परत करायचा की नव्या, हा प्रश्न तुम्ही वेळेवर विचारला नाही तर कुणीच विचारत नाही.

काही शहरांनी ही वेळ कायद्यातच बांधून टाकली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहराने एप्रिल २०१९ मध्ये असा नियम केला, की सायकल आराखड्यात ज्या रस्त्यांवर संरक्षित (मोटारींपासून अडथळ्याने वेगळे केलेले) मार्ग दाखवले आहेत, ते रस्ते नव्याने बांधताना ते मार्ग करायचेच. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी मार्च २०२४ मध्ये मतदानाने जवळजवळ तेच मान्य करून घेतलं: ठरावीक लांबीच्या वर डांबरीकरण केलं, तर त्या रस्त्यासाठी आधीच मंजूर असलेल्या आराखड्यातले बदल त्याच वेळी करायचे. या नियमामागची अक्कल साधी आहे. डांबर घातल्यावर पट्टे नव्याने मारायचेच असतात, ते कुठे मारायचे एवढाच प्रश्न उरतो. तुमच्या शहरात असा नियम नसेल तर तो मागणं ही लांब पल्ल्याची लढाई, आणि ती जरूर लढा. पण या वर्षीची यादी हातातून जाऊ देऊ नका.

टेप, घड्याळ आणि वही

‘रस्ता खूप धोकादायक आहे’ असं लिहिलेलं पत्र मी नोकरीत ढिगाने पाहिलं. त्यावर करण्यासारखं काही नसतं, म्हणून ते ‘नोंद घेतली’ होऊन बसतं. पत्रात माप असलं की त्याला मापाने उत्तर द्यावं लागतं.

आधी रुंदी मोजा. तीस मीटरची टेप, दोन माणसं, सकाळची निवांत वेळ. एका बाजूच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, आणि मधला प्रत्येक तुकडा वेगळा: पदपथ, गटार, पार्किंगची पट्टी, मार्गिका, दुभाजक. रस्ता सगळीकडे सारखा नसतो, म्हणून जिथे तो सगळ्यात अरुंद आहे तिथलं माप घ्याच. नाहीतर बैठकीत पहिला प्रश्न त्याच जागेचा येतो.

आता हिशोब. समजा दोन्ही कर्बमध्ये १८ मीटर आहेत. साडेतीन मीटरच्या चार मार्गिका म्हणजे १४, आणि दोन्हीकडे दोन-दोन मीटर पार्किंग. शहरात, जिथे वेग कमी राहायला हवा, तिथे साडेतीन मीटरची मार्गिका ऐसपैस झाली. बसच्या बाहेरच्या मार्गिकेला ३.२ आणि आतल्या मार्गिकेला ३ धरा: चारही मिळून १२.४. उरले ५.६. पार्किंग दोन्हीकडून काढलं तर प्रत्येक बाजूला २.८ मीटर येतात, म्हणजे २.२ मीटरचा सायकल मार्ग आणि ६० सेंटीमीटरची विभाजक पट्टी. एक झाड तोडलं नाही, एक भिंत पाडली नाही, पदपथाला हात लावला नाही.

पार्किंग एका बाजूला ठेवायचंच असा हट्ट झाला तर ३.६ मीटर उरतात. मग कुणीतरी हमखास सुचवतं: एकाच बाजूला येण्याजाण्याचा मिळून मार्ग करून टाकू. कागदावर बसतो. पण प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, गाडी वळवणारा ज्या दिशेला बघतच नाही त्या दिशेने सायकल येते. नदीकाठी, रेल्वेमार्गालगत, जिथे एका बाजूला छेद रस्तेच नाहीत, तिथे हा पर्याय चांगला. दर पन्नास पावलांवर गल्ली असलेल्या रस्त्यावर मी तो घेणार नाही, आणि तुम्हीही पार्किंगच्या बदल्यात तो पदरात पाडून घेऊ नका.

मग वेग. यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटरवर दोन खुणा करा, गाडी पहिल्या खुणेवरून दुसरीवर जायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळावर बघा, आणि १८० ला त्या सेकंदांनी भागा. सहा सेकंद लागले तर ताशी ३० किलोमीटर, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०. शंभरेक गाड्यांची नोंद करा. रस्ता मोकळा असतो ती वेळ निवडा, कोंडीच्या वेळी सगळेच सज्जन असतात. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीची धडक ३० च्या मानाने जवळजवळ २.८ पट ऊर्जा घेऊन येते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हा शालेय भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यावर बैठकीत मतभेद होत नाहीत.

शेवटी माणसं मोजा. नुसत्या ‘सायकली: इतक्या’ अशा आकड्यात जीव नसतो. वहीत रकाने पाडा: मुलं, बायका, ज्येष्ठ, माल नेणारे, पदपथावरून सायकल चालवणारे, उलट्या दिशेने येणारे. शेवटचे दोन रकाने लोक वगळतात, कारण त्यात सायकलवाल्यांचीच चूक दिसते. मला तेच सगळ्यात बोलके वाटतात. पदपथावरून जो चालवतो त्याला रस्त्याची भीती वाटते. उलट जो येतो त्याला पलीकडे जायला जवळ वाट नाही. म्हणजे कुठे मार्ग हवा आणि कुठे ओलांडणी हवी, हे त्यांनी तुम्हाला आयतंच दाखवून दिलंय. बायकांच्या रकान्यावरही लक्ष ठेवा. नेदरलँड्समध्ये सायकलच्या निम्म्याहून जास्त फेऱ्या बायका करतात. तुमच्या वहीत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, तर रस्ता कुणासाठी बांधलाय ते वेगळं सांगायला नको.

नेमकं काय मागायचं

प्रत्येक रस्त्यावर सायकल मार्ग मागू नका. हे ऐकून आमच्या गटातल्या काहींची तोंडं वाकडी होतात, तरी सांगते. वस्तीतल्या आतल्या गल्लीत गाड्या थोड्या आणि ३० च्या आत असतील तर सगळे मिसळून नीट चालतात. तिथे मागायची गोष्ट वेगळी: बाहेरची वाहतूक आत शिरूच नये. गल्लीच्या मधोमध दोन कुंड्या किंवा खांब ठेवले की चालणारा आणि सायकलवाला आरपार जातो, मोटार जात नाही. राहणाऱ्याला मात्र एका बाजूने घरापर्यंत गाडी नेता येते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराचा मध्यभाग चार भागांत वाटला आणि एका भागातून दुसऱ्यात थेट गाडीने जाणं बंद केलं. जायचं तर बाहेरच्या वळशाने जा. बेल्जियमच्या गेंटने एप्रिल २०१७ मध्ये हेच सहा विभाग करून केलं. नवे उड्डाणपूल नाहीत, भूसंपादन नाही. मुख्यतः पाट्या, खांब, कुंड्या आणि टीका सोसायची तयारी.

आणि हो, ‘वेगमर्यादा ३०’ ची पाटी मागून थांबू नका. स्पेनने मे २०२१ पासून शहरांतल्या, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा घातली, ते उत्तमच. पण चालक पाटी वाचून वेग ठरवत नाही, रस्त्याची रुंदी बघून ठरवतो. रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर ३० ची पाटी म्हणजे शोभा. अरुंद मार्गिका, कोपऱ्याचं आवळलेलं वळण, उचललेली झेब्रा ओलांडणी हे सगळं पाटीबरोबर मागा.

मोठ्या, वेगवान रस्त्यावर मात्र वेगळा, कर्बने किंवा झाडांच्या पट्टीने संरक्षित मार्गच हवा. नुसता रंगवलेला पट्टा घेऊ नका. पहिल्याच आठवड्यात त्याचं पार्किंग होतं.

आणि खरी परीक्षा चौकात असते. आमच्याकडे नकाशा काढताना सायकल मार्ग चौकाच्या अलीकडे ठिपक्या-ठिपक्यांत विरून जायचा. ‘पुढे वाहतूक शाखा बघेल’ अशी समजूत. मार्ग चौकाच्या पार जातो का, हे नकाशात बोट ठेवून तपासा. डच पद्धतीच्या चौकात कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं आणि सायकलची ओलांडणी साधारण एका मोटारीच्या लांबीइतकी मागे घेतलेली असते. त्यामुळे वळलेली गाडी सरळ होऊन ओलांडणीपाशी येते, चालकाला सायकलवाला खिडकीच्या कडेला नाही तर समोर दिसतो, आणि मागच्यांची वाट न अडवता मोटारीला थांबायला जागा मिळते.

बारीकसारीक गोष्टीही पत्रात लिहाच, कारण त्या लिहिल्या नाहीत तर ठेकेदाराच्या मुकादमाच्या मर्जीवर जातात. गटाराच्या जाळीचे गज सायकलच्या दिशेला आडवे हवेत. उभे असले तर पुढचं चाक आत अडकतं. चेंबरची झाकणं पृष्ठभागाच्या पातळीत. मार्गाच्या कडेचा कर्ब उतरता, म्हणजे पेडल आपटत नाही आणि मार्गाची सगळी रुंदी वापरता येते. सोसायटीच्या फाटकांपाशी आणि गल्लीच्या तोंडाशी मार्ग सपाटच राहायला हवा, चढउतार मोटारीने करायचा. हे एकच कलम सुटलं की सायकल मार्गाचा घसरगुंड्यांचा बाग होतो आणि लोक पुन्हा मुख्य रस्त्यावर उतरतात. मोटारी आत येऊ नयेत म्हणून खांब लावले तर दोन खांबांत दीड मीटर ठेवा, म्हणजे तीनचाकी आणि व्हीलचेअर जाईल; आणि त्यांना परावर्तक पट्टी लावायला सांगा, अंधारात कुणाचा तरी गुडघा वाचेल.

झाडांची गोष्ट जरा निराळी. सर्वेक्षणाच्या नकाशात झाड म्हणजे एक टिंब. खोडाची जागा दाखवली, काम झालं. सावली नकाशात येतच नाही, आणि जे नकाशात नाही ते कुणाच्या हिशोबात नसतं. म्हणून तुम्ही स्वतः जाऊन प्रत्येक झाडाच्या पसाऱ्याचा व्यास पावलांनी मोजा आणि नकाशाच्या प्रतीवर त्या मापाचं वर्तुळ हिरव्या पेन्सिलने काढा. मी हे पहिल्यांदा एका बैठकीत ठेवलं तेव्हा समोरचे अभियंते आधीच्या कागदांवर नुसती नजर टाकून गेले होते, या कागदावर मात्र खाली वाकून बसले. ‘ही ओळ इथून वळवली तर?’ असं त्यांनीच विचारलं.

मार्ग झाडांच्या मागून न्या, किंवा झाडांची ओळच मोटारी आणि सायकली यांच्यामधली विभाजक पट्टी होऊ द्या. बुंध्यापर्यंत काँक्रीट नको, पाणी मुरेल अशी मोकळी माती ठेवा. खोडालगत खणताना मुळं तोडू नयेत अशी अट निविदेतच घाला; मुळं तुटलेलं झाड उभं दिसतं आणि वादळात आडवं होतं. चौकाच्या तोंडाशी मात्र दाट झुडपं मागू नका, तिथे माणूस दिसायला हवा. मोजमापाला आधार हवा असेल तर शहरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० चा नियम सोपा आहे: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची छाया असावी, ३०० मीटरच्या आत उद्यान असावं. कोलंबियातल्या मेदेयीनने २०१६ पासून रस्ते आणि ओढे यांच्या कडेने तीस हिरवे पट्टे तयार केले, आणि तिथलं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरल्याचं नोंदलं गेलं. मेलबर्नने तर सत्तर हजारांवर झाडांना ईमेल पत्ते दिले, फांदी मोडली वगैरे कळवायला. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहिली. विषय सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

कुणाला बरोबर न्यायचं

सायकलवाल्यांनाच नेलंत तर खोलीत ‘हौशी मंडळी आली’ असं वातावरण होतं. हेल्मेट, चकचकीत कपडे, महागडी सायकल बघून समोरचा मनातल्या मनात ठरवतो, की हे तर आत्ताही चालवतायत, यांना मार्ग कशाला? तो फारसा चुकत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी शहरातल्या लोकांचे ढोबळ चार गट पाडले होते: निर्भीड (एक टक्क्याहून कमी), आत्मविश्वास असलेले (सात टक्के), कधीच न चालवणारे (एक तृतीयांश), आणि चालवावंसं वाटतं पण भीती वाटते असे (साठ टक्के). तुम्हाला त्या साठ टक्क्यांतली माणसं हवीत. शाळेत मुलाला पोचवणारी आई, पेन्शन आणायला निघालेले आजोबा, व्हीलचेअरवरची व्यक्ती (तिला सपाट मार्ग आणि उतार तुमच्याइतकेच हवे असतात), बसचा चालक, रस्ता झाडणारी बाई. झाडणारीला नक्की विचारा. मार्ग तिच्या झाडूला किंवा यंत्राला बसणार नसेल तर महिन्याभरात तो काचा आणि पाचोळ्याने भरेल.

नेदरलँड्सची गोष्ट इथे कामाला येते, कारण ‘त्यांच्याकडे पहिल्यापासूनच सायकली’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. पहिल्यापासून होत्या, पण महायुद्धानंतर मोटारींनी त्यांना बाजूला सारलं होतं. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेवर मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असं सरळ नाव घेतलेली ती चळवळ होती. मागणी सायकलची नव्हतीच, मुलांना शाळेत धड पोचू द्या अशी होती. सायकलस्वारांची देशव्यापी संघटना १९७५ मध्ये आली. तुमच्या शिष्टमंडळात कोण पुढे बसेल, ते यावरून ठरवा.

जे आक्षेप येणारच

दुकानदार पहिले येतात: पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं. त्यांना उडवून लावू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. दुकानांबाहेर उभं राहून येणाऱ्याला विचारा, कसे आलात? बर्लिनमध्ये दोन बाजारपेठांच्या रस्त्यांवर असंच केलं गेलं, अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुकानदारांचा अंदाज होता की पाचांतला एक गिऱ्हाईक मोटारीने येतो. प्रत्यक्षात ते सात टक्क्यांच्या आसपास निघाले. जो दुकानदार स्वतः मोटारीने यायचा त्याचा अंदाज जास्त चढा होता, ही त्यातली मजा. तुमच्या बाजारात आकडा वेगळा निघेल. जास्त निघाला तर माल उतरवायला ठरावीक वेळ आणि जागा ठेवण्याची सूचना तुम्हीच करा.

‘कोंडी होईल.’ १९९८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी रस्त्याची जागा कमी केलेली साठेक ठिकाणं तपासली. भाकीत केलेली भयंकर कोंडी बहुतेक ठिकाणी झाली नाही, आणि वाहतुकीचा काही भाग आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडला नाही. लोकांनी वेळ, वाट किंवा वाहन बदललं होतं. बैठकीत हे लांबण लावून सांगू नका, प्रयोग करू द्या म्हणा.

‘रुग्णवाहिका कुठून जाणार?’ कोंडलेल्या चार मार्गिकांतून ती आज कशी जाते, ते विचारा. रुंद सायकल मार्ग गरजेला तिची वाट होतो, सायकली क्षणात बाजूला होतात. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला मात्र नकाशा आधीच दाखवून ठेवा. बैठकीत त्यांच्या तोंडून ‘आम्हाला अडचण नाही’ आलं की विषय संपतो.

‘इथे सायकली आहेतच कुठे?’ हा सगळ्यात जुना. स्पेनच्या सेव्हियामध्येही फारशा नव्हत्या. त्यांनी २००६ च्या सुमाराला कामाला हात घातला आणि थोडक्या काळात सुमारे ८० किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले, संरक्षित मार्ग करून टाकले. रोजच्या काही हजार फेऱ्या काही वर्षांत सत्तर हजारांच्या घरात गेल्या. जोडलेले, हा शब्द महत्त्वाचा. डच लोकांनी १९७० च्या दशकात द हेग आणि टिलबर्गमध्ये एकेक झकास मार्ग बांधून पाहिला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, शहरात फारशा नाहीत. पुढच्या दशकात डेल्फ्टमध्ये सगळ्या शहराचं जाळं जोडल्यावर आकडे हलले. म्हणून तुमचा पहिला तुकडा असा निवडा, की त्याची दोन्ही टोकं कुठेतरी पोचतील.

प्रयोग मागताना

कायमचा बदल मंजूर करायला अधिकारी घाबरतो, सहा महिन्यांचा प्रयोग त्याला झेपतो. न्यूयॉर्कमध्ये मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरचा ब्रॉडवेवरचा भाग मोटारींना बंद केला तेव्हा ठरलेल्या खुर्च्या वेळेत आल्या नव्हत्या, म्हणून स्वस्तातल्या बागेतल्या खुर्च्या आणून मांडल्या. लोक रस्ता बंद झाल्याचं विसरून खुर्च्यांच्या दर्जावर वाद घालत बसले. पुढच्याच वर्षी बदल कायम झाल्याचं जाहीर झालं.

प्रयोग मागताना तीन गोष्टी कागदावर आणा: सुरू आणि संपण्याची तारीख, आधी घेतलेली मापं, आणि कशाला यश म्हणायचं ते. तिसरी गोष्ट आधी ठरली नाही तर प्रयोगानंतर जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं ठरतं. आणि एक रविवार मोजू नका. नवलाईचे पहिले दोन आठवडे सोडून द्या, लोकांना नवी वाट अंगवळणी पडू द्या, मग मोजा. कायमचं बांधकाम कुणाला नकोच असेल तर बोगोटासारखी सुरुवात करा: तिथे १९७४ पासून ही प्रथा आहे, दर रविवारी शंभरावर किलोमीटर रस्ते दुपारपर्यंत माणसांसाठी मोकळे असतात.

पत्र

एक पान. सोबत रुंदीची दोन चित्रं, आजचं आणि हवं असलेलं. खाली नमुना देते, नावं तुमची घाला.

‘विषय: शाळेचं फाटक ते ग्रंथालय चौक या रस्त्याच्या पुनर्डांबरीकरणात सायकल मार्गाचा समावेश करण्याबाबत.

महोदय, सदर रस्ता पुढील वर्षाच्या यादीत आहे. आम्ही रस्त्याची रुंदी, वाहनांचा वेग आणि सायकलस्वारांची संख्या मोजली असून तक्ते सोबत जोडले आहेत. मार्गिकांची रुंदी ३.५ वरून ३.२ व ३ मीटर केल्यास आणि दोन्ही बाजूंचे पार्किंग हलवल्यास प्रत्येक बाजूस २.२ मीटरचा संरक्षित मार्ग बसतो. कोणतेही झाड काढावे लागत नाही. जोडलेल्या रेखाटनात चौकातील ओलांडणी, गटाराच्या जाळ्यांची दिशा आणि झाडांचा पसारा दाखवला आहे. अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी आपल्या अभियंत्यांसोबत जागेवर पाहणी करण्याची तारीख द्यावी, ही विनंती.’

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ‘कार्यवाही व्हावी’ म्हटलं की कार्यवाही होत नाही. तारीख मागितली की कुणाला तरी तारीख द्यावी लागते. पाहणीला गेलात की अभियंत्यांना सायकलवर बसवून तेवढा तुकडा चालवायला लावा. ते हसतील, कपडे खराब होतील म्हणतील. आग्रह धरा.

प्रत लोकप्रतिनिधींना द्या, पण त्यांच्याकडे आधी आणि अभियंत्यांकडे नंतर असं करू नका. वरून आलेला कागद खालच्या टेबलावर रागाने उघडला जातो.

बांधून झाल्यावर

इथे बहुतेक गट फीत कापून घरी जातात. ठेकेदारावर करारानुसार दोषदुरुस्तीची ठरावीक मुदत असते, तेवढ्या काळात निघालेले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. ती मुदत कधी संपते ते विचारून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात मार्गावरून सायकल चालवा आणि पाणी साचतं तिथे खडूने नाही, तैलरंगाने खूण करा. खचलेली झाकणं, उखडलेले खांब, फाटकांपाशी तुटलेले उतार यांचे फोटो ठिकाणासकट नोंदवा आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधी एकत्र पाठवा. एकेक तक्रार वाटेत हरवते, तीस दोषांची यादी कुणी हरवू शकत नाही.

मग तीच वही, तेच रकाने, तोच वार, तीच वेळ घेऊन पुन्हा मोजणी करा, आणि नवे आकडे त्याच अभियंत्यांना पाठवा. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात पुढच्या चौकाची रुंदी लिहून टाका. एव्हाना पुढच्या वर्षाची यादी बनायला लागलेली असते.